दुपारच्या सुट्टीतला सिगार

प्रश्न : घरून काम करताना जेवणानंतरच्या अर्ध्या तासात मी गॅलरीत बसून सिगार ओढतो. शेवटी तो कडवट लागतो, डोकेही गरगरते. असे का होते?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण बहुधा घाईने ओढत आहात. पाच इंची, ‘रोबुस्टो’ मापाचा सिगार पाऊण ते एक तास चालतो. तो अर्ध्या तासात उरकायचा म्हटला, तर भरभर झुरके घ्यावे लागतात, आतली तंबाखू तापते आणि धूर कडू होतो. मिनिटाला एक झुरका पुरेसा असतो. वेळ तेवढाच असेल, तर लहान मापाचा सिगार निवडावा. राख सारखी झटकू नये. ती इंचभर साचू द्यावी.

गरगरणे निकोटिनचे असते. सिगारचा धूर छातीत ओढायचा नसतो, तरीही तोंडाच्या अस्तरातून निकोटिन रक्तात उतरते आणि तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोकाही राहतोच. म्हणून ही रोजची सवय होऊ न देता क्वचित एखाद्या रविवारपुरतीच ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. गरगरू लागताच सिगार रक्षापात्रात ठेवून द्यावा, तो आपोआप विझतो. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या सिगारला बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सुमारे ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखावी.