लिथियम बॅटरी लावल्यापासून भर दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो, सेटिंग काय ठेवू?

तुमचा इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा हायब्रिड, लेड ॲसिड काढून ४८ व्होल्ट १०० एएचची लिथियम लावलीत, बॅटरी टाइप मात्र अजून एजीएमच (लेड ॲसिडचाच सीलबंद प्रकार) आहे, आणि बॅटरी भरत आली की इन्व्हर्टर बॅटरी व्होल्टेज जास्त असल्याचा एरर देऊन बसतो. असं असेल तर घाबरू नका, इन्व्हर्टर बिघडलेला नसावा आणि बॅटरीही बहुतेक ठीकच असेल, दोघांचं जमत नाहीये एवढंच.

पहिलं काम म्हणजे बॅटरीत सेल किती आहेत ते बघा. लेबलवरच्या ४८ व्होल्टवर जाऊ नका, कारण १५ सेलवाली पण ४८ म्हणून विकतात आणि १६ सेलवाली पण. घरच्या सोलरला येते ती बहुतेक एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, तिचा एक सेल ३.२ व्होल्टचा, त्यामुळे लेबलवर बारीक अक्षरात ५१.२ लिहिलं असेल तर १६ सेल आणि तिथेही नुसतं ४८ असेल तर बहुधा १५. बीएमएसचं, म्हणजे बॅटरीच्या आत सेलवर नजर ठेवून गरज पडली तर बॅटरी तोडणाऱ्या सर्किटचं, ॲप असेल तर त्यात सरळ सेल मोजता येतात.

आता गणित बघा. एजीएम टाइपवर बऱ्याच इन्व्हर्टरचं बल्क चार्जिंग, म्हणजे बॅटरी भरताना जिथवर व्होल्टेज चढवतात ती पातळी, ५६.४ व्होल्टला असतं. १५ सेल असतील तर एका सेलला ३.७६ येतात आणि एलएफपीची हद्द आहे ३.६५, मग बीएमएस चार्जिंग तोडणारच. भर उन्हात बीएमएसने असं तोडलं की पॅनेलमधून येणाऱ्या करंटला जायला जागाच उरत नाही, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज एकदम उसळतं आणि तुम्हाला दिसतो तो एरर येतो. १६ सेल असतील तर तेच ५६.४ म्हणजे सेलला ३.५३ च्या आसपास, कागदावर एकदम बरोबर, तरीही ट्रिप होऊ शकतं, कारण नव्या बॅटरीत सगळे सेल एका पातळीवर असतीलच असं नाही. समजा पंधरा सेल ३.४६ वर आहेत आणि एकच आगाऊ ३.६५ ला पोचलाय, तर इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर जेमतेम ५५.५ दिसतंय आणि बीएमएस मात्र बंद, माणूस बघत बसतो की झालं काय!

म्हणून बॅटरी टाइप यूजर करा आणि आकडे स्वतः भरा. १६ सेलला मी बल्क ५५.२ ते ५६ आणि फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) ५४ ठेवतो, १५ सेलला बल्क ५१.८ ते ५२.५ आणि फ्लोट ५०.६ च्या आसपास. थोडी कमी भरेल वाटतं पण एलएफपीत वरच्या त्या व्होल्टेजमध्ये फारसा साठा नसतोच, शंभर टक्क्यांचा हट्ट धरू नका. सेल पुढेमागे असतील तर थोडे दिवस बल्क आणखी कमी ठेवा म्हणजे बीएमएस न तुटता हळूहळू बॅलन्स करत राहील. इक्वलायझेशन, म्हणजे मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं, बंद म्हणजे बंदच, ती लेड ॲसिडची गोष्ट. टेंपरेचर कंपेन्सेशन (तापमानानुसार चार्जिंग व्होल्टेज बदलणं) असेल तर तेही शून्य करा.

खालचा कटऑफ लोक विसरतात. लेड ॲसिडचा ४२ व्होल्ट तसाच राहिला तर बॅटरी पार तळाला जाते, आधी बीएमएस झोपतो, आणि काही बीएमएस एकदा झोपले की चार्जर लावल्याशिवाय उठत नाहीत. १६ सेलला ४८, १५ ला ४५ ठेवा, आणि ग्रिडवर परत जायचं व्होल्टेज त्याच्या दोनएक व्होल्ट वर. डिस्प्लेवरच्या टक्क्यांवर विश्वास नको, मधल्या भागात एलएफपीचं व्होल्टेज जवळपास हलतच नाही, त्यामुळे व्होल्टेजवरून काढलेले टक्के लोड चालू-बंद झाला तरी उड्या मारतात.

कॅन किंवा आरएस४८५ ची केबल (इन्व्हर्टर आणि बॅटरीला एकमेकांशी बोलायची डेटा केबल) जोडून इन्व्हर्टर आणि बीएमएसचा प्रोटोकॉल जुळला तर उत्तमच, वरचे आकडे मग बॅटरीच सांगते. फक्त ती लॅन केबलसारखी दिसली तरी दोन्हीकडच्या पिन वेगळ्या असू शकतात, मॅन्युअल बघून जोडा.

करंटचं म्हणाल तर १०० एएचला एकूण चार्जिंग ५० अँपिअरच्या वर नको, ३० असेल तर आणखी बरं, आणि ग्रिडवरून चार्जिंगची मर्यादा वेगळी असते तीही कमी करा. एक मात्र सेटिंगने सुटणार नाही, पूर्ण ५ किलोवॅट लोड टाकला तर बॅटरीतून १०० अँपिअरच्या वर ओढले जातात आणि तुमचा बीएमएस १०० चाच असेल तर तो संध्याकाळी ट्रिप होईल, तेव्हा दुसरी बॅटरी पॅरलल लागेपर्यंत गीझर आणि पंप एका वेळी चालवू नका.