यादीत नाव आहे, पण ते वेळेवर पोहोचतं का?

दहशतवाद्यांचा प्रवास आणि परदेशी लढवय्ये (म्हणजे दुसऱ्या देशात जाऊन दहशतवादी गटांकडून लढणारे) यांच्याविषयीच्या अमेरिकी कायद्यांवर वाचकांनी विचारलेले प्रश्न.

प्रश्न : परदेशी लढवय्ये रोखण्यासाठी देशव्यापी सराव घ्यावा, असं विधेयक अमेरिकी संसदेत आलं होतं. इतके कडक कायदे असताना सराव कशाला?

हे २०१६ चं विधेयक, एच. आर. ४४०४. ॲरिझोनाच्या मार्था मॅकसॅली यांनी ते मांडलं होतं. पुढच्या वर्षी तशाच मजकुराचं विधेयक पुन्हा आलं. कॅटरिना वादळानंतर, २००६ मध्ये, आपत्ती व्यवस्थापनाचा जो कायदा झाला त्यात राष्ट्रीय सरावांची तरतूद आहे. वादळ-महापुराबरोबर या नव्या धोक्याचीही तालीम व्हावी, कोणी लढायला बाहेर जातोय आणि कोणी लढून परत येतोय, अशा दोन्ही बाजू त्यात याव्यात, अशी मागणी होती.

गरज का, ते ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातला एक विमान अपहरणकर्ता खालिद अल-मिहधार याच्या प्रकरणावरून कळतं. जानेवारी २००० मध्ये तो क्वालालंपूरला अल-कायदाच्या बैठकीला गेला, तेव्हाच त्याच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असल्याचं सीआयएला माहीत होतं. १५ जानेवारीला तो एका साथीदारासह लॉस एंजेलिसला उतरला. नंतर तो देशाबाहेर गेला, नवा व्हिसा घेतला आणि ४ जुलै २००१ ला न्यूयॉर्कमधून पुन्हा आत आला. निगराणी यादीत त्याचं नाव पडलं ऑगस्टच्या अखेरीस. खोट्या नावाने येणाऱ्याला रोखणारे कायदे तेव्हाही होते, पण हा माणूस स्वतःच्याच नावाने आला होता. एका खात्याला जे ठाऊक होतं ते विमानतळाच्या खिडकीवर बसलेल्या अधिकाऱ्यापर्यंत गेलंच नाही. अशा फटी कलमं वाचून दिसत नाहीत. सगळ्या खात्यांची माणसं एका टेबलाशी बसवून ‘आता हा फोन कोण करणार?’ असं विचारलं की लगेच दिसतात. म्हणून सरावाला कागदी सोपस्कार म्हणणं मला अजिबात पटत नाही.

प्रश्न : लढून परत आलेला माणूस खरंच इतका धोकादायक असतो का?

प्रत्येक जण नसतो. पण फ्लोरिडात वाढलेला एक तरुण सीरियात गेला, अमेरिकेत परत येऊन काही महिने राहिला, पुन्हा गेला आणि मे २०१४ मध्ये त्याने तिथे ट्रकबाँबने आत्मघाती हल्ला केला. मधले ते काही महिने मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात. २०१५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या कार्यगटाने दिलेल्या अहवालानुसार अडीचशेहून अधिक अमेरिकनांनी सीरिया-इराकमधल्या गटांकडे जाण्याचा प्रयत्न केला होता किंवा ते तिथे पोहोचले होते.

प्रश्न : माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. २०१३ मध्ये कंपनीच्या कामासाठी इराकला गेलो होतो. अमेरिकेत जाता येईल का?

येईल, पण व्हिसा काढून. डिसेंबर २०१५ च्या कायद्यानुसार १ मार्च २०११ नंतर इराक, सीरिया, इराण किंवा सुदानला गेलेल्यांना व्हिसामाफीचा (ब्रिटनसारख्या काही देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय थोड्या दिवसांसाठी येऊ देणाऱ्या सवलतीचा) लाभ मिळत नाही. २०१६ मध्ये लिबिया, सोमालिया आणि येमेनही त्यात आले. लष्करी किंवा सरकारी कामासाठी गेलेल्यांना सूट आहे, कंपनीच्या कामाला ती आपोआप लागू होत नाही. ही प्रवेशबंदी नाही, त्यामुळे घाबरू नका. वकिलातीत मुलाखत द्या, जुना प्रवास लपवू नका आणि कंपनीचं पत्र सोबत ठेवा.

प्रश्न : सीरियात गेलेल्या अमेरिकन माणसाचं नागरिकत्व काढून घेतात का?

नाही. १९६७ च्या अफ्रॉयिम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नागरिकाने स्वतःहून सोडल्याशिवाय नागरिकत्व जात नाही. पासपोर्ट मात्र रद्द होऊ शकतो. घोषित दहशतवादी संघटनेला मदत केल्यास, किंवा तसा नुसता प्रयत्न केला तरी, वीस वर्षांपर्यंत कैद आहे आणि त्यात कोणाचा जीव गेला तर जन्मठेपही होऊ शकते.

प्रश्न : नावसाधर्म्यामुळे माझ्या भावाला दर वेळी विमानतळावर थांबवतात. काय करावं?

अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या ‘ट्रिप’ या तक्रार निवारण योजनेत अर्ज करा. एक क्रमांक मिळतो, तो पुढच्या प्रत्येक तिकिटाच्या वेळी द्यायचा. उड्डाणबंदीच्या यादीविरुद्ध दाद मागण्याची जुनी पद्धत ओरेगनच्या संघीय न्यायालयाने २०१४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर विमानात बसू न दिलेल्या अमेरिकी नागरिकाला आपण त्या यादीत आहोत की नाही, हे विचारता येतं. भाऊ नागरिक असेल आणि त्याला कधी विमानात बसूच दिलं नसेल, तर तसं अर्जात स्पष्ट लिहा.