क्वेसारांची सरासरी काढून हाती काय लागतं?

प्रश्न : क्वेसार म्हणजे दीर्घिकांची अतिशय तेजस्वी केंद्रं. प्रत्येक क्वेसार वेगळ्या अंतरावर, वेगळ्या तेजाचा. मग हजारोंच्या वर्णपटांची (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश, या आलेखांची) सरासरी काढतात कशी, आणि त्यातून कळतं काय?

उत्तर : शंका रास्त आहे. वर्णपट आहेत तसे मिसळले तर सगळा विचका होईल. हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा मूळची 1216 अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), पण ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबी मूळच्या किती पटीने वाढली याचं माप, 2 असेल तर ती 3648 वर दिसते, 3 असेल तर 4864 वर. म्हणून आधी प्रत्येक तरंगलांबीला ‘एक अधिक ताम्रसृती’ने भागायचं, की रेषा आपापल्या जागी येतात. मग वर्णपट ताम्रसृतीच्या चढत्या क्रमाने घ्यायचे आणि जिथे ते एकमेकांवर येतात तिथे त्यांची उंची जुळवायची. सरासरीची पाळी सगळ्यात शेवटी.

आता, सरासरी कोणती? खरी गंमत इथे आहे. रेषांखालचा अखंड प्रकाश साधारण तरंगलांबीच्या एखाद्या घाताच्या प्रमाणात बदलतो आणि हा घातांक ज्याचा त्याचा वेगळा. भूमितीय मध्य (किमतींचा गुणाकार करून त्याचं तितकंच मूळ) काढला तर येणाऱ्या वक्राचा घातांक हा सगळ्या घातांकांची सरासरी असतो. बेरीज-भागाकाराच्या सरासरीत ही सोय नाही. रेषांची परस्परांशी तुलना करायची असेल तर मात्र मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, बरा. एखादा विक्षिप्त क्वेसार त्याला हलवू शकत नाही. 2001 साली स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या 2200 हून अधिक क्वेसारांचे असे दोन्ही संयुक्त वर्णपट प्रसिद्ध झाले.

फायदा उघड आहे : गोंगाट घटतो. एकेकट्या वर्णपटात बुडून गेलेल्या क्षीण रेषा वर येतात. त्या कामात 80 हून अधिक उत्सर्जन रेषा ओळखता आल्या. 3000 अँगस्ट्रॉमच्या आसपासचा फुगवटाही स्वच्छ दिसतो, तो लोहाच्या एकमेकींत मिसळलेल्या असंख्य रेषांचा आणि हायड्रोजनच्या प्रकाशाचा. आणि 1549 अँगस्ट्रॉमची कार्बनची रेषा सरासरीतही किंचित निळ्या बाजूला सरकलेली राहते. एकाच क्वेसारात हे दिसलं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. तो वायू आपल्या दिशेने बाहेर फेकला जात असावा, असा त्याचा एक अर्थ लावतात.

पण या आलेखावर फार विसंबू नका. स्लोनच्या वर्णपटमापकाला साधारण 3800 ते 9200 अँगस्ट्रॉम एवढाच पट्टा दिसत होता. लायमन-अल्फा त्यात येते ती ताम्रसृती 2.1 च्या पुढे, तर 6563 ची हायड्रोजन-अल्फा ताम्रसृती 0.4 च्या आत. म्हणजे आलेखाची डावी बाजू दूरच्या, अतितेजस्वी क्वेसारांची आणि उजवी जवळच्या, मंद क्वेसारांची. या दोन्ही रेषा दाखवणारा एकही क्वेसार त्या नमुन्यात असणं शक्य नव्हतं! 5000 च्या पुढे तर क्वेसार ज्या दीर्घिकेत आहे तिच्यातल्या ताऱ्यांचा प्रकाशही मिसळतो आणि उतार बदलतो.

असा वर्णपट समोर आला की मी आधी त्याच्या जोडीचा दुसरा आलेख शोधतो : कोणत्या तरंगलांबीला किती क्वेसार मोजले आहेत. दोन्ही टोकांना तो आकडा झपाट्याने घसरतो.