नाशिकहून प्रश्न: मनगटावरचं मरीन क्रोनोमीटर रोज पाच सेकंद पुढे जातं, दुरुस्तीला द्यावं का? ते घालून पोहता येईल का?

दुरुस्तीला देऊ नका. सीओएससी या स्वित्झर्लंडमधल्या घड्याळ तपासणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राची मर्यादाच दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद आहे. १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासून ती सरासरी काढतात. तुमचं युलिस नार्दाँचं टॉर्पियर अधिक ५ वर आहे, म्हणजे पास.

"पुढे जातंय, जरा मागे करून देतो" हे काउंटरवर ऐकून कान किटले आहेत. बाराच्या खाली पॉवर रिझर्व्ह (चावी किती उरली ते दाखवणारा काटा), सहाच्या वर छोटा सेकंदकाटा, लांब रोमन आकडे हे सगळं जहाजावरच्या पेटीतल्या क्रोनोमीटरवरून उचललेलं आहे. मग तो वापरायची रीतही उचला. जहाजावर त्याला रोज ठरल्या वेळी चावी देत, काट्यांना कुणी हात लावत नसे. रोज किती सरकतं ते वहीत मांडायचं आणि वजा करायचं. जहाजाचा रेखांश याच घड्याळावरून काढत, त्यामुळे चार सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर एक सागरी मैल. रोजचे पाच सेकंद महिनाभर हिशेबात धरले नाहीत तर जहाज साडेसदतीस मैल भलतीकडे जाईल. धरले तर कुठेही जाणार नाही. १७६१ साली जमैकाला निघालेलं इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनचं एच-४ हे सागरी घड्याळ घ्या. ८१ दिवसांनी ते पाचच सेकंद चुकलं, असं सगळे कौतुकाने सांगतात. पण हा आकडा रोजची अडीच-पावणेतीन सेकंदांची पिछाडी जमेस धरल्यानंतरचा आहे. नुसता काटा पाहिला असता तर ते साडेतीन मिनिटांहून जास्त मागे होतं.

म्हणून चूक किती यापेक्षा ती रोज तेवढीच आहे का, हे बघा. क्राउनला, म्हणजे चावीच्या गुंडीला, तीसेक फेरे द्या, रोज एकाच वेळी मोबाइलशी ताडा आणि दहा दिवस लिहून ठेवा. ५, ५, ६, ५ आलं तर उत्तम मशीन. २, ९, उणे ३, ७ आलं तर सरासरी कमी दिसेल, पण दुखणं तिथेच आहे. रात्री तबकडी वर ठेवून आणि क्राउन वर ठेवून वेगवेगळं मोजा. एका स्थितीत पुढे गेलेलं दुसरीत बरंचसं फिटतं, फुकटात. पेटीतल्या क्रोनोमीटरला आडवं राखायला गिंबल, म्हणजे झुलत्या कड्या, असायचे, मनगटाला त्या नाहीत, त्यामुळे स्थितीचा फरक पडणारच.

हेअरस्प्रिंग (घड्याळाचा वेग ठरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) धातूची असलेलं घड्याळ अचानक रोज काही मिनिटं पुढे पळू लागलं तर बहुतेक वेळा वेटोळी चुंबकाने एकमेकांना चिकटलेली असतात. मोबाइल कव्हरचं चुंबक, स्पीकर, पर्सचं बटण यांपैकी काहीही पुरतं. चुंबक उतरवणाऱ्या डिमॅग्नेटायझरवर क्षणभराचं काम असतं, पण वेग बदलायचा खटका, म्हणजे रेग्युलेटर, सरकवून "दुरुस्त" करणारे आहेतच, आणि चुंबक उतरला की तेच घड्याळ मागे पडतं. तुमच्या घड्याळातल्या यूएन-११८ यंत्राची स्प्रिंग सिलिकॉनची आहे, तिला हा रोग नाही. झाकण उघडायचंच तर टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळ तपासणारं यंत्र) पूर्ण चावी असताना उभ्या स्थितीत अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाकाचा झोका, २२० अंशांखाली आल्यावर, आणि तेही सर्व्हिससाठी. त्याआधी उघडलं तर धूळ तेवढी आत जाते.

"नाशकात समुद्र कुठाय" म्हणणाऱ्यांना एवढं सांगा: भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नाशिक साधारण ७३.८ वर. आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३५ मिनिटं मागे चालतो. रेखांश म्हणजे वेळ, हे समजायला बंदर लागत नाही.

पोहायचं विचारलंय तर: नाही. ५० मीटरचा दाब स्थिर पाण्यातला असतो. पाऊस, हात धुणं चालेल. रामकुंडावर डुबकी मारताना काढून ठेवा, गरम पाण्याच्या आंघोळीलाही. ओलं असताना क्राउन ओढू नका. आणि हो, घड्याळ सेकंडहँड असेल तर वरचं सगळं नंतर. आधी पाणी अडवणारी रबरी गॅस्केट बदलून दाबाची तपासणी करून घ्या. पॉवर रिझर्व्ह ६० तासांचा आहे, शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी बंद सापडेल. तो बिघाड नाही.