टू-स्ट्रोक गोल्फ कार्टचं जुनं इंजिन घरी बांधता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मळ्यात एक जुनी टू-स्ट्रोक पेट्रोल गोल्फ कार्ट पडून आहे. सुरू होते, पॅडल पूर्ण दाबायच्या आधीच जोरात किंचाळते, ताकद लावली की बसते. गॅरेजवाला म्हणतो इंजिन फेका, मोटर-बॅटरी बसवा. घरी इंजिन बांधावं, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलून परत जोडावं का?

बांधा. मी बांधलंय. एकदा नाही, दोनदा, कारण पहिल्यांदा जे चुकलं तेच तुमचंही चुकेल असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय.

आधी माझी पार्श्वभूमी. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी झाली, आता निवृत्त. भाच्याची गिरणाऱ्याकडे द्राक्षबाग आहे. त्याने कुठल्याशा रिसॉर्टच्या भंगारातून कार्ट उचलली. "मामा, गोल्फ कार्ट घेतली" म्हणाला, तर आमच्या सौ.चा पहिला प्रश्न, "मग काय, जॉगिंग ट्रॅकवर फिरवणार?" नाशिककरांसाठी गोल्फ क्लब म्हणजे अनंत कान्हेरे मैदान, तिथे रणजीचे सामने होतात आणि सकाळी लोक चालायला जातात. त्यामुळे खऱ्या गोल्फच्या गाडीचं इंजिन बघितलेला मेकॅनिक गावात शोधूनही सापडला नाही.

पण घाबरू नका. चेतक किंवा कायनेटिक होंडा उघडलेल्या माणसाला यातलं काही परकं वाटणार नाही. एक सिलिंडर (काहींत दोन), व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. पट्ट्याचा ड्राइव्ह तर कायनेटिक होंडासारखाच, वेग वाढला की पुली आपोआप आकार बदलते. परक्या गोष्टी दोनच. एक, स्टार्टर आणि जनरेटर हे एकच यंत्र असतं आणि पॅडल दाबलं की तेच इंजिन फिरवतं. म्हणून हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढाच. नातवंडांपैकी कुणी सीटवर चढून पॅडल दाबलं तर तुमचं बोट पट्ट्यात असेल. दोन, काही जुन्या कार्टमध्ये रिव्हर्स गिअरच नसतो, इंजिन थांबवून उलट्या दिशेने सुरू करतात. टू-स्ट्रोकला ते जमतं. तेव्हा उलटं फिरतंय म्हणून वायरिंगच्या मागे लागू नका.

आता मूळ मुद्दा. दिवाळीच्या सुट्टीत मी हेड उघडलं, बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) झिजलेला दिसला, ओव्हरसाइज पिस्टन मागवला, लेथवाल्याकडून बोअर करून घेतला, जोडलं. आवाज झकास. तिसऱ्या दिवशी भाचा चढावर घेऊन गेला. इंजिन आपोआप पळायला लागलं, पॅडल सोडलं तरी आवाज उतरेना, आणि मग कच्चकन बंद. उघडलं तर नव्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. मी तणतणत लेथवाल्याकडे गेलो. त्याने बोअरमध्ये डायल गेज फिरवलं आणि शांतपणे म्हणाला, "काका, बोअर बरोबर आहे. तुमचं इंजिन खालून हवा खातंय."

आयुष्यभर मशीनवर काढून मला हे सुचलं नव्हतं. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँकची पेटी, ही तेलाची टाकी, सील गळलं तर जमिनीवर डाग पडतो, बस. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना दाबलं जातं आणि मग वर जातं. म्हणजे क्रँकच्या दोन टोकांचे ऑइल सील हा इंजिनाच्या श्वासाचा भाग आहे. पंधरा-वीस वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत त्यांचं रबर खापरासारखं होतं. मग त्यातून नुसती हवा आत ओढली जाते. पेट्रोल कमी पडतं, आणि पेट्रोलबरोबर तेलही कमी, कारण तेल पेट्रोलमधूनच येतं. इंजिन पळतं, तापतं, धरतं, म्हणजे जाम होतं. शिवाय कार्टचा पेट्रोल पंप बहुधा क्रँककेसच्याच धक्क्यांवर चालतो, तोही लंगडा होतो. तुमचं "जोरात किंचाळते आणि बसते" हे तंतोतंत तेच आहे.

सील फार महाग नसतात. जुन्या सीलवर माप छापलेलं असतं, २५-४०-८ असं, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तेवढं लिहून अंबड-सातपूरच्या बेअरिंगच्या दुकानात जा, व्हायटॉनचं (उष्णता आणि पेट्रोल सोसणारं रबर) मागा. स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे. ओठाला थोडं ग्रीस. आणि एक गोष्ट: जुन्या सीलने शाफ्टवर चर पाडला आहे का, ते नखाने तपासा. चर लागला तर नवं सील एखादा मिलिमीटर अलीकडे बसवा, म्हणजे ओठ ताज्या जागेवर चालेल. बेअरिंग काढलंच असेल तर नंबरापुढे सी-३ (आतली फट जरा जास्त) लिहिलेलंच घ्या.

मग जोडून झाल्यावर चाचणी, ही मात्र टाळू नका. माझ्याकडे प्रेशर टेस्टर नव्हता. घरात बीपीचं जुनं घड्याळाच्या काट्याचं मशीन होतं, ते वापरलं. एक जुना प्लग पोखरून त्यात नळी बसवली. एक्झॉस्ट, कार्बोरेटरची जागा आणि पंपाचं निपल जुन्या ट्यूबचं रबर आणि पट्टी लावून बंद केलं. पिस्टन अगदी खाली आणला, म्हणजे वरचा आणि खालचा भाग एक होतो. मग फुगा दाबत काटा २६० वर नेला. हे साधारण ५ पीएसआय होतात. मिनिटाला ५० च्या वर काटा उतरता कामा नये. माझा पहिल्यांदा बघता बघता शून्यावर आला! साबणाचं पाणी ब्रशने लावलं तर क्लचच्या (इंजिनावरच्या पट्ट्याच्या पुलीच्या) मागच्या सीलजवळ बुडबुडे. ही बाजू लपलेली असते, क्लच पुलरने काढल्याशिवाय दिसतच नाही, आणि म्हणून सगळे तीच सोडतात. कधी कधी सील दाब धरतं पण ओढ धरत नाही, त्यासाठी कुणाकडे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप मिळाला तर उलटीही चाचणी घ्या.

बोअरबद्दल दोनच गोष्टी. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू नका, पिस्टन लेथवाल्याला द्या आणि त्याच्या मापाने करायला सांगा. आणि बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा बोटाने चाचपा. धारदार असतील तर त्याला परत द्या, हलका चॅम्फर मारायला, म्हणजे धार घासून उतरती करायला सांगा. फोर-स्ट्रोकच्या सवयीने हे राहतं, आणि मग रिंग पोर्टच्या कडेत अडकून मोडते. रिंगेची टोकं पिस्टनच्या खाचेतल्या पिनवर बरोबर बसली पाहिजेत, पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. ६५-७० मिमीच्या बोअरला रिंगेची फट पाव मिलिमीटरच्या जरा वर ठीक. गजनपिनचे सर्कलिप (पिस्टनमधली आडवी पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या) नवेच वापरा, आणि ते बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा. माझा एक सर्कलिप टणकन उडाला आणि तुळशीच्या कुंडीत सापडला. आत पडला असता तर पुन्हा सगळं खोललं असतं.

कार्बोरेटर काढून जेट साफ करा, नळ्या आणि पंपाचा पडदा नवा टाका. आता पेट्रोल भरायच्या पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात मऊ पडतं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली तर टाकीत पाणी धरतं.

अजून एक, कारण हे कुणी सांगत नाही. पंख्याचं पत्र्याचं आवरण काढून सिलिंडरच्या पाकळ्या बघा. आमच्या कार्टमध्ये कुंभारीण माशीने पाकळ्यांमध्ये मातीची चार घरं बांधली होती, अगदी प्लगच्या खाली. खिळ्याने कोरून काढावी लागली. आवरण मात्र परत लावा. "हवा लागेल" म्हणून ते काढून ठेवतात, पण पंख्याची हवा त्या आवरणामुळेच सिलिंडरवर जाते.

पहिल्या टाकीला मी लिटरमागे ३३ मिली टू-टी ऑइल घातलं, म्हणजे ३० ला १. नंतर गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. तुमच्या कार्टला तेलाची वेगळी टाकी आणि पंप असेल तरी पहिल्यांदा पेट्रोलमध्ये मिसळाच, कारण पंपात हवा अडकलेली असू शकते. दहा मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे बोल्ट तिरपे तिरपे पुन्हा आवळा, असं तीन वेळा. प्लग काढून बघा. पांढरा असेल तर थांबा, परत बीपीचं मशीन काढा. विटकरी असेल तर चढावर न्या.

मोटर-बॅटरीचा पर्याय वाईट नाही. क्रँकच वाकला असेल किंवा केसला तडा असेल तर मीही तेच करीन. पण तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही. आधी क्लच काढून मागचं सील बघा, फोटो टाका, आणि सीलवरचं माप लिहा.