‘पासवर्ड कूटबद्ध करून साठवला जातो’ असं लिहावं का?

प्रश्न असा आहे. एका मराठी संकेतस्थळावर सदस्यांसाठी लॉगिनची सोय होते आहे. मदतपानावर ‘आपला पासवर्ड कूटबद्ध करून साठवला जातो’ असं वाक्य आहे आणि लॉगिनच्या चौकटीखाली ‘पासवर्ड परत मिळवा’ असं बटण. हे मराठी बरोबर आहे का, आणि ‘पासवर्ड’ऐवजी ‘परवलीचा शब्द’ लिहावा का?

व्याकरणात दोन्हींत काही खोट नाही. पण यंत्रणा नीट बांधलेली असेल तर दोन्ही खोटी आहेत, आणि ती खरी असतील तर मजकुराआधी यंत्रणा बदलायला हवी.

‘कूटबद्ध’ म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं. ज्याच्या हाती किल्ली, त्याला ते उलगडता येतं. पासवर्ड कोणालाच उलगडता येऊ नये, संकेतस्थळाच्या मालकालाही नाही. २०१३ साली अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या सदस्यांची माहिती फुटली तेव्हा पासवर्ड खरोखरच कूटबद्ध होते. ट्रिपल डेस हे कूटतंत्र, सगळ्यांना एकच किल्ली, आणि सारख्या मजकुराचं कूटही सारखंच देणारी ईसीबी पद्धत. त्यामुळे ज्यांचे पासवर्ड सारखे त्यांच्या नोंदीही सारख्याच दिसत होत्या, आणि शेजारी सदस्यांनी स्वतः लिहिलेल्या ‘हिंट’ उघड्या पडल्या होत्या. एकाच नोंदीच्या शंभर हिंट एकत्र वाचल्या की किल्लीची गरजच उरत नाही.

पासवर्डचा करायचा असतो हॅश. हॅश म्हणजे पासवर्डवरून गणितानं काढलेली खूण. तो एकाच दिशेनं जातो: पासवर्डवरून हॅश काढता येतो, हॅशवरून पासवर्ड नाही. प्रत्येक सदस्यासाठी वेगळं, १६ बाइटांचं यादृच्छिक सॉल्ट, म्हणजे हॅश काढताना पासवर्डमध्ये मिसळायची भर, घ्यायचं (ते गुप्त नसतं, हॅशशेजारीच साठवतात), म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे पडतात. हॅशिंगसाठी आर्गॉन२आयडी ही मुद्दाम संथ आणि स्मृतीखाऊ केलेली पद्धत घ्यावी: किमान १९ मेबिबाइट स्मृती, २ फेऱ्या, समांतरता १. साधं शा-२५६ हे सर्वसाधारण कामांचं हॅश इथे चालत नाही, कारण ते फार वेगवान आहे आणि ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासता येतात. मदतपानावर मग लिहावं: ‘आम्ही आपला पासवर्ड साठवत नाही, फक्त त्याचा हॅश साठवतो.’ हॅशला कोणी ‘ठसा’ सुचवतात. शब्द सुरेख आहे, पण लॉगिनच्या पानावर ‘ठसा’ म्हटलं की वाचक बोट पुढे करणार!

‘परत मिळवा’चं उत्तर यातूनच निघतं. जे साठवलंच नाही ते परत कसं देणार? बटणावर ‘नवीन पासवर्ड ठरवा’ हवं. त्यानंतर ईमेलनं जाणारा दुवा एकदाच चालणारा आणि तासाभरात बाद होणारा असावा. दुव्यातलं टोकन, म्हणजे तो दुवा ओळखण्याचा गुप्त संकेत, तेही हॅश करूनच साठवावं आणि पासवर्ड बदलताच जुनी सगळी सत्रं बंद करावीत. दुवा मागणाऱ्याला ‘हा ईमेल आमच्याकडे नोंदलेला असेल तर दुवा पाठवला आहे’ एवढंच सांगावं, नाहीतर कोण सदस्य आहे हे कोणालाही तपासता येतं.

चुकीच्या संदेशातही तीच खबरदारी. ‘सदस्यनाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असं सर्रास लिहितात, पण ‘चुकीचा’ हे पुल्लिंगी विशेषण पासवर्डलाच चिकटतं आणि सदस्यनाव बरोबर असल्याचा भास होतो. ‘सदस्यनाव आणि पासवर्ड जुळत नाहीत’ हे नेमकं आहे. सदस्यनाव अस्तित्वात नसेल तेव्हाही एक खोटा हॅश मोजावा. एरवी उत्तर झटकन येतं, आणि शब्दांनी लपवलेलं वेळ सांगून टाकतो.

न विचारलेला एक शब्द मला जास्त खटकतो: ‘किमान ८ अक्षरे’. ‘महाराष्ट्र’ यात आपण चार अक्षरं मोजतो. यंत्र म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशी १० चिन्हं मोजतं, आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत त्यांचे ३० बाइट होतात. पासवर्ड हॅश करायची बीक्रिप्ट ही जुनी पद्धत वापरली असेल तर ७२ बाइटांपुढचा भाग बऱ्याच ठिकाणी गुपचूप कापला जातो, म्हणजे देवनागरीची जेमतेम २४ चिन्हं. देवनागरी पासवर्ड घेणार असाल तर ‘चिन्हे’ लिहा आणि मोजणी युनिकोड संकेतबिंदूंची, म्हणजे वर मोजलेल्या सुट्या चिन्हांची, ठेवा.

शिवाय ‘दऱ्या’मधला ऱ्य तीन तऱ्हांनी टंकला जातो: तयार ऱ घेऊन, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना तिन्ही सारखे, हॅश मात्र तीन. फोनवर ठरवलेला पासवर्ड संगणकावर चालत नाही, तो अशानं. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणल्या की एक होतात, तिसरी होत नाही. तिच्यासाठी बदल स्वतः लिहावा लागतो, आणि नोंदणी व लॉगिन दोन्ही वेळी हॅशच्या आधी तोच चालवावा लागतो. सदस्यनावांना तर हे हवंच, नाहीतर सारख्या दिसणाऱ्या नावाचे दोन सदस्य होतील. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक युनिकोडचं कोणतंही प्रमाण रूप आपोआप एक करत नाही. ओटीपीच्या चौकटीत ते आपण बदलून घ्यावेत, पासवर्डमध्ये जसेच्या तसे ठेवावेत.

‘परवलीचा शब्द’ मराठी विकिपीडियावर दिसतो. पहारेकऱ्याला सांगायची ती खूण, तेव्हा अर्थ चपखलच. पण वृत्तपत्रांत ‘विकास हा परवलीचा शब्द झाला आहे’ अशी वाक्यं वाचून वाचून तो ‘सर्वांच्या तोंडी असलेला शब्द’ होऊन बसला आहे, म्हणजे हव्या त्याच्या बरोबर उलट. त्यातला ‘शब्द’ही एकच शब्द सुचवतो, आणि चांगला पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा असू शकतो. मी ‘पासवर्ड’च ठेवेन. ‘लॉगिन’साठी ‘प्रवेश करा’ सुटसुटीत आहे, फक्त कॉलेजच्या संकेतस्थळावर नको. जूनमध्ये तिथे सगळे ‘प्रवेश’ दाबून अर्ज शोधत असतात.