आधी आकडे मांड

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘ग्राफ प्रत्येक बिंदूवरून सारखाच दिसतो, मग त्यावरचं मर्यादित हार्मोनिक फलनही सगळीकडे सारखंच असणार ना?’ हे तू प्रश्न म्हणून लिहिलंस आणि पुढची तीन पानं ते सिद्ध धरून चाललीस. ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा; प्रत्येक बिंदूवर एक आकडा लिहिला की झालं फलन. बिंदूवरचा आकडा शेजाऱ्यांच्या सरासरीइतका असला की ते हार्मोनिक, आकडे ठरावीक हद्दीत राहिले की मर्यादित, आणि सगळीकडे एकच आकडा असला की स्थिर.

कागद घे. प्रत्येक बिंदूला तीन शेजारी असलेलं अनंत झाड काढ. एक रेघ निवड; तिच्या एका टोकाला १/३ लिही, दुसऱ्याला २/३. पहिल्या टोकापासून दूर जाताना दर पावलाला आकडा निम्मा कर: १/६, १/१२. दुसऱ्या बाजूला हेच आकडे १ मधून वजा कर: ५/६, ११/१२. आता कुठल्याही बिंदूवर तीन शेजाऱ्यांची सरासरी काढ. त्या बिंदूचाच आकडा येतो! सगळे आकडे ० आणि १ यांच्या मध्ये, आणि फलन स्थिर नाही. सममिती ग्राफची आहे. फलनाने ती पाळावी असं तुला कुणी सांगितलं? चौकटींच्या जाळीवर मर्यादित फलन स्थिरच निघतं, पण त्याचं कारण नुसती सममिती नव्हे.

मी चिडतोय, कारण माझी दोन वर्षं अशीच गेली. ग्राफ घातांकी वेगाने वाढला, म्हणजे पावलागणिक बिंदू पटीपटीने वाढत गेले, की झाडासारखं अस्थिर फलन मिळणारच, असं मी धरून बसलो होतो. पण हे बघ. अनंत रेषेवर दिवे आहेत. एकजण नाणं उडवत डावी-उजवीकडे चालतो आणि उभा असेल तिथला दिवा नाणं उडवूनच लावतो किंवा विझवतो. तो कुठे उभा आहे आणि कुठले दिवे पेटलेत, अशी प्रत्येक स्थिती हा एक बिंदू; एका पावलात जिथे जाता येतं ते शेजारी. हा ग्राफ घातांकी वेगाने वाढतो, तरी मर्यादित हार्मोनिक फलन स्थिरच. रेषेवर तो प्रत्येक दिव्यापाशी पुन्हापुन्हा येतो, त्यामुळे कुठलाच दिवा कायमचा ठरत नाही. दिवे तीन मितींच्या जाळीवर असले तर मात्र तो परतेलच असं नाही, हे गणिती पोल्याने १९२१ मध्येच दाखवलं होतं. तिथे मूळबिंदूवरचा दिवा अखेर पेटता राहण्याची शक्यता हेच अस्थिर फलन. अशा यादृच्छिक चालींवरचा कायमानोविच आणि वर्शिक या गणितींचा १९८३ चा लेख मी त्यातल्या एन्ट्रॉपीसकट, म्हणजे चालीतल्या अनिश्चिततेच्या मापासकट, वाचला होता. कागदावर दिव्याचं चित्र मात्र एकही काढलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, आधी आकडे मांड. पुढे लोक मला शाळेतली गणितं करणारा म्हणत. माझे लेख थोडे आहेत, हे खरं. पण त्यानंतर छापलेलं एकही विधान मला मागे घ्यावं लागलं नाही, आणि मला ते पुरेसं वाटतं.

पुढच्या पत्रात सिद्धता नको. दोन मितींच्या जाळीवर दिवे लावले तर काय होतं, ते चित्र काढून पाठव. आकड्यांसकट.